न केलेल्या कामाची स्तुती आणि आपले मौन



पवित्र कुरआनच्या 'आलि इमरान' या तिसऱ्या अध्यायात १८८ वी आयत आहे. जे लोक आपल्या कृत्यांवर हुरळून जातात आणि जे त्यांनी केलेच नाही त्याबद्दलही आपली स्तुती व्हावी असे ज्यांना वाटते, ते शिक्षेपासून सुटले असे कोणी समजू नये, असा तिचा आशय आहे. आयत लहान आहे, पण ती ऐकून मोठमोठी माणसे अस्वस्थ झाली आहेत. मदीनेचा शासक मरवान याने आपल्या द्वारपालाला हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे मुद्दाम पाठविले आणि विचारले की, मिळालेल्या गोष्टीने आनंदित होणारा आणि न केलेल्या कामाच्या स्तुतीने सुखावणारा प्रत्येक माणूस जर शिक्षेस पात्र ठरणार असेल, तर मग आपल्यापैकी सुटणार तरी कोण? ही हकिकत सहीह बुखारीत आली आहे. सत्ताधाऱ्याच्या मनातला हा प्रश्न प्रामाणिक होता, कारण स्तुती गोड लागत नाही असा माणूस विरळाच.

इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्याला आयतीचा प्रसंग समजावून दिला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ग्रंथधारकांपैकी काही लोकांना एक गोष्ट विचारली होती. त्यांनी खरे ते दडविले, दुसरेच सांगितले, आणि आपण विचारलेले सर्व सांगून टाकले असा आव आणून, वर शाबासकीची अपेक्षा धरून ते निघून गेले. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या कथनात प्रसंग वेगळा आहे. प्रेषितांबरोबर मोहिमेवर न जाता घरी बसणारे, आणि ते परतल्यावर सबबी सांगून पुन्हा वाहवाही इच्छिणारे दांभिक तेथे डोळ्यासमोर आहेत. दोन्ही कथने शेजारी ठेवून पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. स्तुती ऐकून मनाला झालेला आनंद हा खटल्याचा मुख्य मुद्दा नाही. मुद्दा आहे दडविण्याचा. खरी गोष्ट माहीत असलेला माणूस ती स्वतःपाशी ठेवतो आणि तिच्या अभावी लोकांच्या मनात जे गोड चित्र उभे राहते त्याचा लाभ घेतो. मरवानच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते, आणि आपली अडचणही येथूनच सुरू होते.

कारण आपल्यापैकी बहुतेकांना उघड खोटे बोलण्याची गरजच पडत नाही. समजा, तिवसा तालुक्यातील एखाद्या गावात जलसंधारणाचा प्रस्ताव तयार होतो. गावातल्या नाल्यांची मोजमापे, सात-बाराचे उतारे, जुन्या विहिरींची नोंद, सगळे काही ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाने रात्री जागून जुळविलेले आहे. तो मानधनावर आहे. पंचायत समितीच्या बैठकीत गटविकास अधिकारी तो प्रस्ताव हातात घेतात आणि सर्वांसमक्ष ग्रामसेवकाला म्हणतात, "तालुक्यात इतका स्वच्छ प्रस्ताव मी पाहिला नाही. तुम्ही फारच मेहनत घेतलेली दिसते." ग्रामसेवक आपला एक मुस्लिम भाऊ आहे, नमाजी आहे, लाच घेत नाही. तो काही खोटे बोलत नाही. तो फक्त किंचित मान झुकवितो आणि म्हणतो, "आपल्या सगळ्यांच्या सहकार्याने झाले, साहेब." हे वाक्य खोटे आहे असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. आणि तरी त्या क्षणी एका माणसाची मालमत्ता दुसऱ्याच्या खिशात गेली.

मालमत्ता हा शब्द जड वाटेल, पण मी तो जाणून वापरतो. मानधनावरच्या माणसाचे पुढच्या वर्षाचे काम वरिष्ठांना त्याचे नाव ठाऊक असण्यावर अवलंबून असते. नावाचा उल्लेख झाला असता तर कदाचित त्याला बोलावले गेले असते, विचारले गेले असते. न झालेल्या उल्लेखाची किंमत त्याच्या घरातल्या चुलीपर्यंत पोहोचते. इस्लाममध्ये अल्लाहचे हक्क वेगळे आणि माणसांचे हक्क वेगळे मानले आहेत. पहिल्यांबाबत मनापासून तौबा केली की क्षमेची आशा असते. दुसऱ्यांबाबत, ज्याचे घेतले त्याला ते परत केल्याशिवाय किंवा त्याने मोकळ्या मनाने सोडून दिल्याशिवाय सुटका नाही, हे आपण मिंबरवरून पुष्कळदा ऐकलेले आहे. शेजाऱ्याचा बांध कोरला तर आपल्याला हा नियम आठवतो. सहकाऱ्याचे श्रेय कोरले तर आठवत नाही.

"मी तर गप्प होतो" ही सबब आपल्याच धर्मशास्त्रात टिकत नाही. गप्प राहिलेल्या माणसाच्या तोंडी कोणी शब्द घालू नयेत, हे फिकहचे तत्त्व आहे खरे, परंतु त्याला जोडूनच पुढचे तत्त्वही आहे. जेथे बोलणे आवश्यक होते तेथील मौन हे बोलण्यासारखेच धरले जाते. उस्मानी राज्यात एकोणिसाव्या शतकात तयार झालेल्या 'मजल्ला' या कायदेसंहितेत ही दोन्ही तत्त्वे एकाच कलमात एकत्र नमूद आहेत. पण ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. निकाहच्या वेळी कुमारिकेला विचारले जाते, ती लाजून गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्याला संमती मानले जाते, हे आपल्या घरातल्या लहान मुलींनाही ठाऊक असते. हदीसशास्त्रात तर प्रेषितांचे वचन आणि कृती यांच्याबरोबरच त्यांचे मौनही प्रमाण आहे. त्यांच्या समोर एखादी गोष्ट घडली आणि त्यांनी हटकले नाही, तर ती अनुज्ञेय ठरते. त्यास 'तकरीर' म्हणतात. ज्या समाजाने मौनातून एवढे कायदे काढले, त्या समाजातल्या माणसाने बैठकीत गप्प राहून "मी काही म्हटलेच नाही" असे म्हणणे कितपत शोभते?

आता ज्या प्रसंगाकडे मला वाचकांना न्यायचे आहे, तो मदीनेतला आहे. हिजरी सन १०. प्रेषित (स.) यांचे चिरंजीव इब्राहीम, वय दीड वर्षाच्या आसपास, वारले. हजरत खदीजा (रजि.) यांच्यापासून झालेले मुलगे पूर्वीच गेले होते. मुलगा जगत नाही म्हणून मक्केतल्या विरोधकांनी त्यांना निर्वंश म्हणून हिणविले होते, आणि त्या हिणविण्याला 'कौसर' या अध्यायाने उत्तर दिले होते. उतारवयात झालेले हे लेकरू गेले तेव्हा प्रेषितांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. इतिहासाचे व खगोलाचे गणित जुळविणाऱ्यांनी तो दिवस इसवी सन ६३२ च्या २७ जानेवारीचा सांगितला आहे. भर दिवसा अंधारले, आणि मदीनेच्या लोकांत चर्चा पसरली की इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्यही काळवंडला.

या क्षणी थोडे थांबावे. ही गोष्ट कोणी पढविलेली नव्हती. लोकांच्या प्रेमातून ती आपोआप उगवली होती. तिने कोणाचा पैसा बुडत नव्हता, कोणाचे श्रेय हिरावले जात नव्हते. उलट, कालपर्यंत संशयात असलेल्या एखाद्या बदूचा विश्वास तिने पक्का झाला असता. ज्यांनी निर्वंश म्हणून हिणविले त्यांना आकाशानेच उत्तर दिले असे म्हणता आले असते. आणि शोकात बुडालेल्या बापाने त्या दिवशी काही न बोलणे, हे कोणाला खटकलेही नसते. मौनाला याहून सबळ कारण कोणापाशी असणार?

प्रेषितांनी लोकांना एकत्र करून दीर्घ नमाज पढविली, आणि नंतर उभे राहून सांगितले की सूर्य आणि चंद्र ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी दोन निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही, ग्रहण दिसले की प्रार्थना करा. ज्या लोकांनी गैरसमज केला होता त्याच लोकांसमोर, त्याच दिवशी, आणि संदिग्धतेला जागा न ठेवता हे सांगितले. आपल्या मुलाच्या मृत्यूला ब्रह्मांडाने दिलेला मान त्यांनी स्वतःच्या तोंडाने परत केला. मला तर हा प्रसंग प्रेषितत्वाच्या सत्यतेच्या मोठ्या पुराव्यांपैकी एक वाटतो. खोटा दावा करणाऱ्याला अशी संधी आयुष्यात एकदाच येते, आणि तो ती सोडत नाही.

आपल्या वऱ्हाडच्या मातीलाही हा विषय परका नाही. अमरावतीहून नागपूरकडे जाताना महामार्गालगत गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये तेथे आश्रमाची स्थापना केली. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या या माणसाचे मूळ नाव माणिक. भाकरीच्या तुकड्याची आठवण ठेवणारे नाव त्यांनी जन्मभर मिरविले आणि भजनांत स्वतःला 'तुकड्यादास' म्हणविले. लोकांना त्यांच्यात चमत्कारी पुरुष हवा होता. त्यांनी 'ग्रामगीते'त चमत्काराच्या नादाला लागू नका असेच बजावले, आणि लोकांच्या हाती कुदळ-फावडे दिले. याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा पाया पडायला आलेल्यांना दूर सारीत, आणि आपला कोणी शिष्य नाही, आपण कोणाचे गुरू नाही, असे सांगत. श्रद्धेचे मार्ग निराळे असले तरी, अंगावर चालून आलेला मोठेपणा नाकारणे किती कठीण असते हे कोणत्याही मार्गावरच्या माणसाला कळते. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास मोझरीत पुण्यतिथीचा महोत्सव भरतो आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय स्तब्ध उभा राहतो. एवढ्या माणसांचे ते मौन दुसऱ्याला काही देण्यासाठी असते. बैठकीतले आपले मौन दुसऱ्याचे काही ठेवून घेण्यासाठी असते. मौन म्हणून दोन्ही सारखीच, हे खरे दुर्दैव.

मोझरीच्या आसपासचा शेतकरी कापसाचा आणि सोयाबीनचा. त्याला पुढची हदीस सांगावी लागणार नाही, त्याने ती जगलेली आहे. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तो बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला की पावसाने भिजले. मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी विचारले आणि फसविणारा आमच्यातला नव्हे असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही नोंद आहे. तो विक्रेता "माझे धान्य कोरडे आहे" असे एकदाही म्हणाला नव्हता. वरचा थर कोरडा होता, एवढेच. बाजार समितीत ओलावा मोजण्याचे यंत्र असते. सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांवर गेला की भाव उतरतो, म्हणून निदान तेथे तरी आतली ओल बाहेर येते. माणसाच्या कीर्तीत खुपसायचे असे यंत्र अजून निघालेले नाही. वरचा थर कोरडा दिसतो आणि सौदा होतो.

घराघरांत हा सौदा किती सहज चालतो पाहा. एखादा उमरा करून आला, मोहल्ल्यात लोक "हाजीसाहेब" म्हणू लागले, आणि तो वळून पाहू लागला. दवाखान्यात औषधे देणाऱ्याला खेड्यातून आलेली म्हातारी "डॉक्टरसाहेब" म्हणते, तोवर ठीक. पण ती दुखणे सांगू लागते आणि तो ऐकून घेऊन गोळी देतो, तेव्हा गोष्ट जिवावर येते. मदरशात दोन वर्षे काढलेल्याला जमात "मौलाना" म्हणते, मग तलाकचा मसला विचारते, आणि तो उत्तर देतो. रिश्त्याची बोलणी चालू असतात. मुलगा कारखान्यात फिटर आहे, मध्यस्थाच्या तोंडून "इंजिनिअर" निघून गेले, मुलीकडचे खूश झाले, आणि मुलाच्या आईवडिलांनी चहाचा पेला पुढे केला. ही चूक कोणाची? मध्यस्थाची, असे ते सांगतील. निकाहनंतर मात्र मध्यस्थ त्या मुलीबरोबर संसार करणार नाही. एका स्त्रीने प्रेषितांना विचारले होते की नवऱ्याने न दिलेले दिल्याचे सवतीपुढे भासविले तर चालेल का. प्रेषितांनी सांगितले की न मिळालेल्याची ढेकर देणारा हा खोटेपणाची दोन वस्त्रे अंगावर घालणाऱ्यासारखा आहे. दोन वस्त्रे म्हणजे त्या काळचा पुरता पोशाख, डोक्यापासून पायापर्यंत.

इमाम मालिक (रह.) यांच्याकडे दूरदूरहून प्रश्न येत, आणि पुष्कळशा प्रश्नांना त्यांचे उत्तर "मला ठाऊक नाही" एवढेच असे. विचारणारा केवढी पायपीट करून आला आहे, परत जाऊन काय सांगेल, याचा संकोच त्यांना वाटला नाही.

येथे एका गैरसमजाचे निवारण केले पाहिजे, नाहीतर भोळे लोक नको त्या टोकाला जातात. इस्लामने स्वतःचे गुन्हे चव्हाट्यावर मांडायला सांगितलेले नाही. अल्लाहने ज्या दोषावर पडदा टाकला तो आपल्या हाताने फाडू नये, अशीच शिकवण आहे. कोणी आपल्याला चांगला माणूस समजत असेल तर त्याच्यापुढे आपल्या पापांची यादी वाचणे हा प्रामाणिकपणा नव्हे. दोष झाकणे वेगळे आणि दुसऱ्याचा गुण पांघरणे वेगळे. तसेच रस्त्यातल्या अनोळखी माणसाने उसन्या मोटारीवरून आपल्याला श्रीमंत समजले, म्हणून त्याच्या मागे धावत जाऊन खुलासा करण्याचेही कारण नाही. ज्याच्या समजावर कोणाचा निर्णय, कोणाचा पैसा, कोणाचा हक्क किंवा कोणाचा विश्वास उभा राहणार आहे, तेथे बोलणे बंधनकारक होते. आणखी एक जात आहे, तिच्यापासून जपावे. स्तुती झाली की "छे छे, मी तर काहीच नाही, मी पामर" असे म्हणत राहणारे, जेणेकरून समोरच्याने आणखी दोन वाक्ये वाढवून म्हणावे. अशा नम्रतेने ढिगातली ओल काही वर येत नाही.

आणि जो बोलायचे राहून गेला, त्याचे काय? आपला तो ग्रामसेवक रात्री इशाची नमाज पढून झोपायला जातो, आणि झोप लागत नाही. मनात येते की आता सांगायला गेलो तर काल का नाही बोललास असे विचारतील. हाच खरा अडसर आहे. गैरसमज पहिल्या क्षणी दुरुस्त करणे एका वाक्याचे काम असते. दुसऱ्या दिवशी तो कबुलीजबाब होतो, महिन्याने तो लाजिरवाणा होतो, आणि वर्षाने, त्याच प्रस्तावाच्या जोरावर पारितोषिक मिळाले म्हणजे, तो जवळजवळ अशक्य होतो. म्हणून दुसऱ्या दिवशीच जावे. परिचालकाला बाजूला घेऊन "भाऊ, काम तुझेच होते" म्हणणे पुरेसे नाही, ते त्याला आधीच ठाऊक आहे. ज्यांच्यासमोर घेतले त्यांच्यासमोर परत करावे. "साहेब, काल सांगायचे राहिले. तो प्रस्ताव आमच्या परिचालकाने तयार केला. मी फक्त तपासून सही केली." एवढी तीन वाक्ये. शक्य झाले तर टिपणीवर त्याचे नाव लिहावे, कारण साहेबांची बदली होते आणि कागद राहतो.

इमाम अबू हनीफा (रह.) यांच्याविषयी त्यांचे शिष्य अबू यूसुफ (रह.) यांनी एक आठवण सांगितली आहे. रस्त्याने जाताना इमामांच्या कानी पडले की, हे अबू हनीफा, हे रात्रभर झोपत नाहीत. त्यांना ते सहन झाले नाही. जे मी करीत नाही ते माझ्याविषयी बोलले जावे हे मला मान्य नाही, असे म्हणून त्यांनी तेव्हापासून रात्र प्रार्थनेत घालविण्यास आरंभ केला. हा मार्ग थोर आहे, पण तो सर्वत्र चालत नाही. ज्या स्तुतीत दुसऱ्या कोणाचा वाटा नाही, तेथे त्या स्तुतीच्या उंचीपर्यंत चढून जाता येते. जेथे श्रेय दुसऱ्याचे आहे, तेथे पुढच्या वेळी आपण दुप्पट राबलो तरी मागचे त्याचे त्यालाच द्यावे लागते.

शेवटी कूफ्यातली एक सकाळ. हजरत सईद बिन जुबैर (रह.) यांच्या बैठकीत विद्यार्थी जमले होते. त्यांनी विचारले की रात्री तारा तुटला तो तुमच्यापैकी कोणी पाहिला? हुसैन बिन अब्दुर्रहमान म्हणाले, मी पाहिला. एवढे बोलल्याबरोबर त्यांच्या ध्यानात आले असावे की त्या वेळी जागा असणारा माणूस तहज्जुदला उठलेला असणार, असेच सगळे समजतील. कोणी तसे म्हटले नव्हते. कोणी म्हणण्याच्या आतच त्यांनी सांगून टाकले की मी नमाजीत नव्हतो, मला विषारी डंख झाला होता.

पुढे काय झाले ते सहीह मुस्लिममध्ये वाचावे. सईद (रह.) यांनी लगेच विचारले, मग तू काय उपाय केलास? मंत्रविल्याप्रमाणे दुआ म्हणवून घेतली, असे हुसैन म्हणाले. तसे का केलेस? त्यावर हुसैन यांनी आपण ऐकलेली एक हदीस आधाराला दिली. जे ऐकले त्याप्रमाणे वागणाऱ्याने चांगलेच केले, असे म्हणून सईद (रह.) यांनी इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेली दुसरी हदीस सांगितली. कसलाही हिशेब न देता स्वर्गात जाणाऱ्या, केवळ अल्लाहवर भरवसा ठेवणाऱ्या सत्तर हजार लोकांची ती प्रसिद्ध हदीस. "मी पाहिला" म्हणून हुसैन गप्प राहिले असते, तर बैठकीत कोणी "माशाअल्लाह" म्हटले असते आणि बोलणे दुसऱ्या विषयाकडे वळले असते.